श्रीलंकेतील दिवसभराच्या फेऱ्या आणि सोबतचा चालक

या वेळचे पत्र सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचे आहे. फेब्रुवारीत त्या आणि त्यांचे यजमान आठ रात्रींसाठी श्रीलंकेला जाणार आहेत. यजमानांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यामुळे रोज सामान बांधून नव्या हॉटेलात जाणे त्यांना झेपणारे नाही. परदेशी असलेल्या मुलाने सुचवले की समूह सहलीऐवजी चालकासह खासगी गाडी ठरवावी, एकदोन ठिकाणीच मुक्काम करावा आणि तिथून दिवसभराच्या फेऱ्या कराव्यात. ताईंना कल्पना आवडली, पण यजमानांना अनोळखी देशात अनोळखी माणसाच्या हाती आठ दिवस स्वतःला सोपवणे पटत नाही. त्यांचे प्रश्न असे आहेत: असा चालक कसा निवडावा, पैसे कसे ठरवावेत, त्याच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय आम्ही पाहायची का, आणि कोलंबो, अनुराधपूर, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला आणि गॉल एवढे सगळे आठ दिवसांत होईल का?

आदरणीय ताई,

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. एवढे सगळे होणार नाही, आणि ते करायला निघालात तर मुलाने सुचवलेल्या चांगल्या योजनेचा सारा फायदा वाया जाईल. श्रीलंकेचे क्षेत्रफळ सुमारे ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक-पंचमांशापेक्षा थोडे अधिक. नकाशावर सगळी गावे हाताच्या अंतरावर दिसतात आणि तिथेच आपली फसगत होते. कँडीहून नुवारा एलिया जेमतेम ७७ किलोमीटर आहे, पण त्या वाटेला अडीच ते तीन तास लागतात. आपण आंबा घाटाने रत्नागिरीला गेला असाल, तर तोच घाट उतरण्याऐवजी दोन-तीन तास सतत चढतो आहे अशी कल्पना करा. द्रुतगती मार्ग सोडले, तर तिथल्या रस्त्यांवर किलोमीटर मोजण्यापेक्षा तास मोजावेत, आणि डोंगराळ भागात ताशी २५ ते ३० किलोमीटर एवढाच हिशोब धरावा.

म्हणून आपल्या यादीतून कोलंबो, एल्ला, याला, गॉल आणि अनुराधपूर ही पाच नावे मी काढून टाकली आहेत. गॉलचा किल्ला काढताना मला वाईट वाटले, कारण पोर्तुगीजांनी सुरू केलेली आणि डचांनी बळकट केलेली ती समुद्रकाठची तटबंदी पाहण्यासारखी आहे. परंतु ती देशाच्या दक्षिण टोकाकडे आहे आणि आपला बाकीचा सगळा प्रवास उत्तरेत व मध्यभागात आहे. पहिली रात्र नेगोंबोत काढा, कारण कटुनायकेचा विमानतळ त्याच्या अगदी शेजारी आहे. त्यानंतर तीन रात्री दांबुल्ला किंवा सिगिरियाच्या परिसरात, तीन रात्री कँडीत आणि परतीच्या आधीची रात्र पुन्हा नेगोंबोत. म्हणजे खऱ्या अर्थाने सामान दोनच ठिकाणी उघडायचे. फेब्रुवारी या मार्गासाठी चांगला महिना आहे, कारण ईशान्य मोसमी पावसाचा जोर तोपर्यंत ओसरत आलेला असतो आणि डोंगरात सकाळी आकाश मोकळे मिळते.

आता चालकाविषयी. पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या चालकांना तिथे श्रीलंका पर्यटन विकास प्राधिकरणाकडून ‘शोफर गाइड’ म्हणून परवाना मिळतो. त्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि परवान्याचे, छायाचित्र असलेले ओळखपत्र त्याच्याजवळ असते. परवाना नसलेले चांगले चालकही मला भेटले आहेत, पण आपल्या यजमानांच्या मनातली काळजी लक्षात घेता आपण परवानाधारक माणूसच ठरवावा. ओळखपत्राचा आणि गाडीच्या क्रमांकाचा फोटो आधी मागवून मुलाकडे पाठवून ठेवावा आणि गाडीचा विमा भाड्याने प्रवासी नेण्यासाठीचा आहे का, हे स्पष्ट विचारावे. मागच्या आसनाचे पट्टे चालू आहेत का, हेही विचारा. पुष्कळ गाड्यांत ते आसनाखाली दडपलेले असतात. दोघांसाठी लहान हायब्रिड मोटार पुरते. यजमानांना पाय लांब करून बसावे लागत असेल, तर तिथे जिला सगळे ‘केडीएच’ म्हणतात ती व्हॅन मागा, पण तिची पायरी उंच असते, म्हणून चढण्यासाठी लहान स्टूल ठेवायला सांगा. त्यांच्या भीतीवर आणखी एक उतारा म्हणजे १९९० हा क्रमांक. ‘सुव सेरिया’ नावाची ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१६ मध्ये भारताच्या आर्थिक मदतीने सुरू झाली. पोलिसांसाठी ११९ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये असू द्यावेत.

पैशांच्या बाबतीत मला जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण माझा स्वतःचा एक दिवस त्यापायी गेला होता आणि त्यात चूक माझीच होती. कँडीहून दांबुल्ल्याला जाण्यासाठी मी एका मध्यस्थामार्फत गाडी ठरवली होती आणि घासाघीस करून रोजचा दर पुष्कळ खाली आणला होता. सकाळी आठला निघालो. मातलेजवळ चालकाने काही न विचारता गाडी एका मसाल्याच्या बागेत वळवली. पांढरा कोट घातलेल्या गृहस्थांनी आम्हाला वेलदोडा, मिरी, दालचिनी आणि जायफळाची झाडे एकेक करून दाखवली. जायफळाचे फळ फोडून आतली लाल जायपत्री त्यांनी तळहातावर धरली, तेव्हा माझ्या बरोबरची कोकणातली मावशी म्हणाली, “अगो, हे तर आमच्या परसात आहे.” पुढे खांद्याला तेल चोळणे झाले, मग बाटल्यांनी भरलेले दुकान आले, आणि तिथून निघेपर्यंत दीड तास गेला होता. दांबुल्ल्याच्या लेण्यांपाशी पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. चपला खाली काढून उघड्या कातळावरून चालताना मावशीचे तळवे अक्षरशः भाजले. पाच लेण्यांपैकी दोन पाहून तिने खाली बसून घेतले.

संध्याकाळी मी चालकाला जरा कडक शब्दांत विचारले, तेव्हा तो रागावला नाही. त्याने शांतपणे हिशोब सांगितला: मी ठरवलेल्या रकमेतून मध्यस्थाचा वाटा आणि इंधन वजा जाता त्याच्या हाती जे उरत होते, त्यात गाडीचा हप्तासुद्धा निघत नव्हता. बागेतून मिळणारे कमिशन हीच त्याची त्या दिवसाची मजुरी होती. आणि ही माणसे २०२२ च्या आर्थिक संकटातून गेलेली होती. तेव्हा पेट्रोलसाठी दिवस-दिवस रांगेत गाडी उभी करून त्यांना तिथेच झोपावे लागले होते आणि पर्यटक तर येतच नव्हते. तेव्हापासून मी असे मानते की चालकाला रास्त दर उघडपणे द्यावा आणि त्याच्या बदल्यात आपला दिवस आपल्या हाती ठेवावा. दर दाबला, तर तीच रक्कम आपण वेळेच्या रूपाने मोजतो, आणि आपल्या वयाला सकाळचे थंड दोन तास हे पैशापेक्षा महाग असतात.

तेव्हा ठरवताना असे करावे. तिथे इंधनाचे दर महिन्याच्या महिन्याला बदलतात, म्हणून जुन्या प्रवासवर्णनातले आकडे धरू नयेत. तीन वेगवेगळ्या चालकांकडून एकाच कार्यक्रमाचा दर मागवावा आणि सर्वांत कमी सांगणाऱ्याला आधी बाजूला ठेवावे. दरात इंधन, टोल, वाहनतळाचे पैसे, चालकाचे जेवण आणि त्याचा मुक्काम हे सगळे धरले आहे का, रोज किती किलोमीटरची मर्यादा आहे, त्यापुढे काय आकार आहे, आणि गाडी उभी राहील त्या दिवसाचे किती द्यायचे, हे लिहून घ्यावे. आपला प्रवास नेगोंबोत सुरू होऊन नेगोंबोतच संपतो, त्यामुळे गाडी रिकामी परत नेण्याचे भाडे आपल्यावर पडत नाही. हा आराखडा ठेवण्यामागचे एक कारण तेही आहे. नंतर मुलाकडून इंग्रजीत पुढील आशयाचा निरोप चालकाला व्हॉट्सॲपवर पाठवावा: “आम्ही दोघे साठीच्या पुढचे आहोत. सकाळी लवकर निघू आणि अंधार पडण्याआधी परत येऊ. वाटेत मसाल्याच्या बागा, रत्नांची दुकाने, लाकडी कोरीव कामाची किंवा बाटिकची दुकाने नकोत; आम्हाला काही घ्यायचे असेल तर आम्हीच सांगू. यामुळे आपले नुकसान होत असेल तर ते दरात धरून सांगावे.” शेवटचे वाक्य गाळू नका. त्या वाक्यामुळे समोरचा माणूस मोकळेपणाने बोलतो, आणि जो दर येतो तो खरा असतो.

चालकाच्या झोपण्याची सोय आपण पाहायची का, हे विचारलेत याचे मला फार बरे वाटले, कारण बहुतेक पत्रांत हा प्रश्न नसतोच. पर्यटकांच्या मोठ्या हॉटेलांत चालकांसाठी वेगळी खोली किंवा सामाईक निवास असतो आणि तिथे त्यांना सहसा पैसे पडत नाहीत. लहान घरगुती निवासांत मात्र ती सोय असेलच असे नाही. खोली आरक्षित करतानाच ‘चालकासाठी जागा आहे का’ हे हॉटेलला विचारावे, आणि नसेल तर जवळच्या साध्या निवासाचे पैसे आपण द्यावेत. असा विचार न झाल्यामुळे गाडीतच डासांत रात्र काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपल्याला घाटातून नेत असतो, हे ध्यानात असू द्या. दिवसाचे काम दहा तासांचे धरावे, बाराच्या पुढे नेऊ नये, आणि आठ दिवसांत एक पूर्ण दिवस त्याला सुट्टी द्यावी. ती सुट्टी कुठे बसवायची ते पुढे सांगते.

जेवणाचे जरा निराळे आहे. पर्यटकांच्या मोठ्या बुफे-उपाहारगृहांत चालकांना वेगळ्या खोलीत फुकट जेवण मिळते, आणि त्यामुळेही गाडी तिथे थांबते. आपल्याला साधा स्थानिक भात-कालवण हवे असेल, तर ‘आपण स्वतः जिथे जेवता तिथे न्या’ असे सांगावे आणि त्याच्या ताटाचे पैसे आपण द्यावेत. आपल्या पद्धतीप्रमाणे त्याला आपल्याच टेबलावर बसायचा आग्रह होण्याचा संभव आहे. एकदा जरूर म्हणा, पण तो नको म्हणाला तर पुन्हा म्हणू नका. तासभर प्रवाशांपासून दूर बसणे हीच पुष्कळदा त्याची विश्रांती असते. आपण शाकाहारी आहात असे पत्रात आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. तिथली ‘पोल सांबोल’ म्हणजे ओल्या खोबऱ्याची लाल चटणी अगदी आपल्या घरच्यासारखी दिसते, पण तिच्यात बहुधा ‘उंबलकड’, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा असतो, आणि कधी तो डाळीतही घालतात. “उंबलकड एपा”, म्हणजे उंबलकड नको, हे दोन शब्द पाठ करावेत आणि चालकालाही स्वयंपाकघरात जाऊन सांगायला लावावे. तमिळ शाकाहारी उपाहारगृहे मोठ्या गावांत सापडतात. म्हशीच्या दुधाचे मातीच्या भांड्यात लावलेले घट्ट दही आणि त्यावर कितुल माडाची काकवी मात्र निःशंक खावी.

आता दिवसांकडे वळते. सिगिरियासाठी सकाळी सातच्या सुमारास दाराशी असावे. सुमारे १८० मीटर उंचीचा तो कातळ, पाचव्या शतकात कश्यप राजाने त्याच्या माथ्यावर बांधलेला राजवाडा आणि खाली त्याच्या जलोद्यानांची आखणी, हे सगळे चढत्या उन्हात पाहण्यासारखे नाही. वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि त्यांतला काही भाग लोखंडी जिन्याचा आहे. यजमानांनी चढू नये, असे मी स्पष्टच सांगते. जलोद्यानांतून हलके फिरून ते पायथ्याच्या संग्रहालयात बसू शकतात, आणि ताई, आपण वाटेतल्या सिंहद्वाराच्या प्रचंड पंजांपर्यंत किंवा झेपेल तिथपर्यंत जाऊन यावे. चालक आपल्याबरोबर वर येत नाही, आणि आपणही तशी अपेक्षा ठेवू नये. त्याने यजमानांना कुठे घ्यायचे, हे मात्र आधी ठरवून घ्यावे. पासपोर्ट बरोबर असू द्या, कारण सार्क देशांच्या नागरिकांना इथे आणि पोलोन्नरुवा या जुन्या राजधानीत परदेशी पर्यटकांपेक्षा कमी दराचे तिकीट मिळते. दुपारी बाराला खोलीवर परतून झोप काढावी. गाडी आपल्यासाठी आहे म्हणून ती दिवसभर पळवलीच पाहिजे असे नाही.

दुसऱ्या दिवशी पोलोन्नरुवा. इथे परवानाधारक स्थळ-मार्गदर्शक वेगळा घ्यावा, कारण चालक रस्ता उत्तम जाणतो, पण बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहूची राजधानी समजावून सांगण्यासाठी त्या जागेचा अभ्यास असलेला माणूस हवा. हे अवशेष पसरलेले आहेत, आणि इथे गाडीचा खरा उपयोग होतो. एका वास्तूपासून दुसरीपर्यंत ती आपल्याला नेते, त्यामुळे गुडघ्यालाही हा दिवस सोसतो. गल विहारातील एकाच कातळात कोरलेल्या चार बुद्धमूर्तींपाशी घाई करू नका. पहुडलेल्या बुद्धाच्या उशीकडे जवळून पाहा: डोक्याच्या भाराने उशीला पडलेला किंचितसा दबाव शिल्पकाराने दगडात दाखवला आहे. देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पायांत मोजे चालतात आणि तापलेल्या दगडावर ते लागतातच. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तिथे गंभीर अवमान मानला जातो, हे यजमानांनाही सांगून ठेवा. जवळच्या मिन्नेरिया अभयारण्यातला हत्तींचा प्रसिद्ध मेळावा तलावाचे पाणी आटते त्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराचा असतो. फेब्रुवारीत कोणी जीपची सफर सुचवली, तर सध्या हत्ती कुठे दिसतात हे आधी विचारावे. त्याच भागातल्या हबरणे गावाच्या रस्त्यांवर रानहत्ती उतरतात, म्हणून अंधार पडण्याआधी मुक्कामी परत यावे आणि चालक ‘आता निघू या’ म्हणाला तर लगेच निघावे.

दांबुल्ल्याची लेणी कँडीला जाताना सकाळी पहिल्यांदा पाहावीत. यजमानांनी वरचा चढ अंगाला झेपेल तरच करावा. कँडीतून नुवारा एलियाची फेरी हा या प्रवासातला सर्वांत दमवणारा दिवस आहे. सकाळी साडेसहाला निघावे, आणि घाट लागण्याआधी ओकारीची गोळी घ्यावी. जेम्स टेलरने १८६७ मध्ये कँडीजवळच्या लूलेकंदेरा इथे चहाची पहिली मोठी लागवड केली. कॉफीची पिके रोगाने बुडाल्यावर तोच चहा या डोंगरांचा आधार झाला. एखादा कारखाना पाहा, आणि तोही सकाळी, यंत्रे चालू असताना. सुकत घातलेल्या पानांचा ओलसर, कापलेल्या गवतासारखा वास दुपारी बंद शेडमध्ये मिळत नाही. रंबोड्याला चिन्मय मिशनचे हनुमान मंदिर आहे, आणि नुवारा एलियाच्या पुढे हकगलाच्या वाटेवर सीता एलिया इथे ओढ्याकाठी सीतेचे मंदिर आहे. ओढ्यातल्या खडकावरच्या खळग्यांना हनुमंताची पावले मानतात. तिथे पोहोचेपर्यंत दुपार होते, म्हणून त्याच दिवशी हॉर्टन प्लेन्स हे डोंगरमाथ्यावरचे पठार जोडून देतो असे कोणी म्हणाले तर नकार द्यावा. तिथला ‘वर्ल्ड्स एंड’चा कडा साधारण दहानंतर धुक्यात जातो आणि वाट नऊ किलोमीटरची आहे. डोंगरात पाऊस झाला असेल, तर दरडींमुळे रस्ता किंवा रेल्वे बंद असू शकते. अशा वेळी चालकाचा शब्द अंतिम मानावा.

त्यानंतरचा कँडीतला दिवस चालकाच्या सुट्टीचा. आपण दोघे रिक्षाने पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानात जा, दुपारी आराम करा, आणि संध्याकाळी साडेसहाच्या पूजेला दलदा मालिगावात, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिरात, अर्धा तास आधी पोहोचा. त्या वेळी शहराचे रस्ते तुंबलेले असतात आणि तिथे मोठी गाडी उपयोगाची नसते. आपल्या तारखांत पौर्णिमा येते का, ते पाहून ठेवा. ‘पोया’च्या त्या दिवशी देशभर सुट्टी असते आणि देवळांत दर्शनाला फार गर्दी होते, म्हणून त्या दिवशी प्रवासाची घाई ठेवू नये.

भाषेची चिंता नको. पर्यटकांच्या चालकांना कामापुरते इंग्रजी येते, आणि आखातात नोकरी करून आलेल्या काहींना मोडकी हिंदीही येते. वयाने लहान चालकाला ‘मल्ली’, म्हणजे धाकट्या भावा, अशी हाक मारली तर ती गोडच वाटते. मोठ्याला ‘अय्या’ म्हणावे. तमिळ चालक असेल तर ‘तंबी’ आणि ‘अण्णा’.

रोजच्या रकमेपैकी थोडा भाग आगाऊ आणि बाकी दर दोन-तीन दिवसांनी द्यावा, सगळी रक्कम आधी देऊ नये. दुकानांत फेब्रुवारी २०२४ पासून काही ठिकाणी आपले यूपीआय चालते, पण चालकासाठी श्रीलंकन रुपये रोखच ठेवावेत. बक्षिसी देण्याची तिथे रीत आहे. ती शेवटच्या सकाळी नेगोंबोतून निघण्याआधीच पाकिटात घालून, यजमानांच्या हातून द्यावी. विमानतळाच्या दाराशी गाडी फार वेळ थांबू देत नाहीत, आणि त्या गडबडीत ‘इस्तुती’, म्हणजे धन्यवाद, हा शब्द म्हणायचासुद्धा राहून जातो.